नाणेफेकीतून उतरलेलं संगीत

जॉन केज या अमेरिकन संगीतकाराबद्दल दोन गोष्टी बहुतेकांच्या कानावर आलेल्या असतात. एक म्हणजे, साडेचार मिनिटं काहीही न वाजवण्याची 'रचना' त्यानं केली. दुसरी म्हणजे, तो नाणी उडवून संगीत लिहायचा. एवढं ऐकून माणूस हसतो तरी नाहीतर चिडतो तरी, आणि विषय तिथंच संपतो. हसायला माझी हरकत नाही. केज स्वतः भरपूर हसायचा. पण या दोन गोष्टी म्हणजे सुटे सुटे विक्षिप्तपणाचे झटके नव्हेत. शांतता आणि नाणेफेक या दोन्हींमागे एकच प्रश्न आहे. संगीत करणाऱ्यानं स्वतःची आवडनिवड बाजूला काढून ठेवली, तर मागे काय उरतं? आणि जे उरतं ते ऐकण्याजोगं असतं का?

असला प्रश्न एखाद्या संगीतकाराला पडावाच का, हे आधी पाहू.

केजचा जन्म ५ सप्टेंबर १९१२चा, लॉस एंजेलिसमधला. वडील संशोधक, सतत काहीतरी यंत्रं बनवण्याच्या खटपटीत असलेले. १९३०च्या दशकात केज आर्नोल्ड शोनबर्गकडे शिकला. शोनबर्ग म्हणजे युरोपीय संगीताची जुनी स्वरव्यवस्था मोडून नवी उभारणारा दादा माणूस. हिटलर सत्तेवर आल्यावर तो अमेरिकेत आला होता. त्यानं केजला सांगितलं की संगीतरचना करायची तर हार्मनीची जाण हवी. केजनं कबूल केलं की आपल्याला ती मुळीच नाही. मग तू अशा एका भिंतीपाशी येशील की जिच्यापलीकडे जाता येणार नाही, असं शोनबर्गनं बजावलं. तर मी जन्मभर त्या भिंतीवर डोकं आपटत राहीन, असं केजचं उत्तर. ही हकीकत केजच पुढे सांगायचा, त्यामुळे तिला थोडी कल्हई झाली असेल. मुद्दा मात्र खरा आहे.

हार्मनी म्हणजे काय, हे इथं दोन वाक्यांत सांगायला हवं, कारण आपल्या रागसंगीतात ती नाही. पाश्चात्त्य संगीतात एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांचे गुच्छ एकमेकांकडे ओढले जातात, ताण निर्माण होतो, सुटतो, आणि या ताणासुटण्यावर अख्ख्या सिंफनीचा डोलारा उभा असतो. ज्याला हे जमत नाही त्यानं इमारत कशावर बांधायची?

केजनं शोधलेलं उत्तर असं: वेळेवर. त्याचा युक्तिवाद अगदी साधा, जवळपास शाळकरी होता. ध्वनीला चार गुण असतात: उंची, जोर, जात आणि लांबी. शांततेला यातला एकच गुण असतो, लांबी. म्हणजे ध्वनी आणि शांतता या दोघांमध्ये समान असलेली एकमेव गोष्ट म्हणजे कालावधी. मग संगीताचा सांगाडा कालावधीचाच हवा, कारण त्याच सांगाड्यात दोघांना सारखं स्थान मिळतं. शांतता ही केजच्या संगीतात अशी हिशेबानं आली. अध्यात्म नंतर आलं, आणि त्यातलं पुष्कळसं आपल्याकडून गेलं, त्याकडे येऊच.

हा सांगाडा कसा असतो याचं सोपं उदाहरण म्हणजे १९३९ सालची, धातूच्या वाद्यांसाठीची 'फर्स्ट कन्स्ट्रक्शन'. वाद्यं कसली, तर मोटारींचे ब्रेकड्रम, पत्रे, घंटा, ऐरणी. रचना सोळा सोळा मापांच्या (माप म्हणजे ठरावीक ठोक्यांचा एक गट) सोळा खंडांची. प्रत्येक खंडाची आतली विभागणी ४, ३, २, ३, ४ अशी. आणि सोळा खंडांची मिळून मोठी विभागणीही ४, ३, २, ३, ४ अशीच. छोट्या भागात जे प्रमाण, तेच संपूर्णात. सोळाचा आकडा पाहून आपल्याला तीनताल आठवेल, पण इथं समेवर येणं नाही, आवर्तनाचा फेरा नाही. हा आधी आखून ठेवलेला कोरा आराखडा आहे, आणि त्याच्या रिकाम्या खणांत आवाज येवोत की न येवोत, खण आपल्या जागी पक्का असतो. 'न येवोत' ही शक्यता लक्षात ठेवा.

पुढच्या वर्षी, १९४० साली, सिएटलमधल्या कॉर्निश स्कूलमध्ये सिव्हिला फोर्ट या नर्तिकेच्या नाचासाठी त्याला संगीत हवं होतं. मनात होता तालवाद्यांचा ताफा. रंगमंच इतका लहान की एका पियानोपलीकडे जागा नाही. केजनं पियानोच उघडला आणि तारांवर वस्तू ठेवून पाहायला सुरुवात केली. 'पाय' नावाचा पाश्चात्त्य पदार्थ भाजायची पत्र्याची ताटली ठेवली, ती थडथडून उडाली. खिळा ठेवला, तो घसरला. स्क्रू आणि बोल्ट मात्र तारांच्या मध्ये घट्ट बसले. एक पट्टी दाबली की घंटा, दुसरी दाबली की लाकडावर टकटक, तिसरीतून दबका ढोल. एका माणसाच्या दहा बोटांखाली अख्खा ताफा आला. यालाच 'प्रिपेअर्ड पियानो' म्हणतात.

केज या जुळणीचे तक्ते द्यायचा. कोणत्या तारांमध्ये कोणता स्क्रू, रबराचा तुकडा कुठं, तार दाबून गप्प करणाऱ्या भागापासून किती इंचांवर, सगळं मोजून. पण दुसऱ्या पियानोवर तीच मापं लावली की आवाज वेगळाच निघे, कारण दोन पियानो आतून सारखे नसतात. सुरुवातीला याचा त्याला त्रास झाला. नंतर त्यानं म्हटलं की जे येतं ते स्वीकारायची पहिली शिकवणी आपल्याला इथंच मिळाली. नाणी हातात येण्याच्या कितीतरी आधी दैव त्याच्या पियानोत शिरलेलं होतं ते असं.

आता मधल्या खड्ड्याबद्दल. १९४३-४४च्या हिवाळ्यात केजनं 'द पेरिलस नाइट' ही प्रिपेअर्ड पियानोची रचना केली. वैवाहिक आयुष्य मोडत होतं, आणि एकटेपण, भीती, दुःख असं सगळं त्यानं त्यात ओतलं. एका समीक्षकानं लिहिलं की शेवटचा भाग चर्चच्या घंटाघरात सुतारपक्षी शिरल्यासारखा वाटतो. आपण रडतोय आणि लोकांना सुतारपक्षी ऐकू येतोय, तर संगीतातून भावना 'पोचवायच्या' असतात या गृहीतकालाच काही अर्थ आहे का, असं त्याला वाटू लागलं. याहून बरं कारण सापडलं नाही तर संगीत सोडायचं, इथपर्यंत तो आला. ही केजच्या कथेतली मला सर्वांत महत्त्वाची जागा वाटते. मौनाची रचना आणि चिनी ग्रंथ पुढे आले. आधी हा पेच आला, आणि तो अस्सल होता.

१९४६ साली अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला आल्या. पाश्चात्त्य संगीताचा भारतीय संगीतावर वाढत चाललेला परिणाम त्यांना काळजीचा वाटत होता. ज्याची काळजी वाटते ते आधी नीट शिकून घ्यावं म्हणून त्या आल्या होत्या. त्या स्वतः पखवाज शिकलेल्या, आणि त्या काळात बाईनं पखवाज वाजवणं ही साधी गोष्ट नव्हती. फी नको, त्याऐवजी मला तुमचं संगीत शिकवा, असा सौदा केजनं केला. तुमच्या गुरूंच्या मते संगीताचं प्रयोजन काय, असं त्यानं एकदा विचारलं. त्यांनी सांगितलं: मन शांत आणि स्थिर करायचं, म्हणजे ते दैवी प्रभाव ग्रहण करण्याजोगं होतं. केजला हवं होतं ते कारण मिळालं. निघताना गीताबेननी त्याला रामकृष्ण परमहंसांच्या संभाषणांचा इंग्रजी अनुवाद दिला. आनंद कुमारस्वामींचं लेखन तो वाचतच होता.

यातून आलेली रचना म्हणजे 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स', १९४६ ते १९४८ या काळात लिहिलेली. सोळा सोनाटा, चार इंटरल्यूड, तासाभराहून थोडं जास्त संगीत, पियानोच्या पंचेचाळीस पट्ट्यांच्या तारा 'सजवलेल्या'. केजनं सांगितलं की यात भारतीय परंपरेतले स्थायी भाव आहेत आणि त्या सगळ्यांचा कल शांताकडे आहे. कुठला तुकडा शृंगाराचा, कुठला भयानकाचा, हे मात्र त्यानं नेमकं सांगितलं नाही, आणि ऐकून ठरवायला जाऊ नये. (भरतानं मुळात आठच रस सांगितले, शांत हा नववा नंतरचा, केजला नेमका तो उशिरा आलेलाच सर्वांत मोलाचा वाटला.) गाभा शांत, बाकीचे येऊन जाणारे, ही कल्पना त्याच्या पुढच्या सगळ्या कामाखाली सतत वाहत राहते.

मन शांत करायचं म्हणजे काय करायचं? १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला केज कोलंबिया विद्यापीठात डी. टी. सुझुकींच्या झेनवरच्या व्याख्यानांना जाऊ लागला. त्यातून त्यानं आपल्यापुरता अर्थ लावला. आवडतं-नावडतं हा मनाचा गोंगाट आहे, आणि तो थांबवायला आत ध्यान लावून बसता येतं किंवा बाहेरून शिस्त लावता येते. मांडी घालून बसण्यात त्याला रस नव्हता. त्यानं बाहेरची शिस्त निवडली, आणि तिचं साधन एका सोळा वर्षांच्या पोरानं आणून दिलं.

क्रिस्टियन वुल्फ हा केजचा विद्यार्थी. त्याच्याकडूनही केज फी घेत नसे. वुल्फचे आईवडील प्रकाशक. त्यांच्याकडून 'ई चिंग' या प्राचीन चिनी ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद नुकताच निघाला होता. त्याची प्रत पोरानं गुरूला भेट दिली.

'ई चिंग' वापरायची रीत अशी. प्रश्न मनात धरायचा आणि तीन नाणी सहा वेळा उडवायची. नाण्याच्या एका बाजूला तीन गुण, दुसऱ्या बाजूला दोन. तिन्हींची बेरीज सहा, सात, आठ किंवा नऊ येते. विषम आली तर अखंड रेघ, सम आली तर मध्ये तुटलेली. अशा सहा रेघा एकावर एक रचल्या की एक आकृती होते. दोन प्रकारच्या रेघा आणि सहा जागा, म्हणून एकूण आकृत्या चौसष्ट. वृत्तांचं गणित केलेल्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल, कारण सहा अक्षरांच्या लघु-गुरूंचे प्रस्तारही चौसष्टच होतात. सहा किंवा नऊ आलेली रेघ 'चळती' मानतात, म्हणजे ती उलटून दुसरी आकृती तयार होते.

ग्रंथात प्रत्येक आकृतीखाली सल्ला असतो. केजनं रचनेसाठी सल्ला बाजूला ठेवला आणि आकडा घेतला. चौसष्ट आकृत्या म्हणजे आठ बाय आठचा तक्ता, हे त्याला पुस्तक हातात पडताच दिसलं, कारण तो आधीपासून तशाच चौकोनी तक्त्यांवर काम करत होता.

१९५१ साली लिहिलेली 'म्यूझिक ऑफ चेंजेस' ही या पद्धतीची पहिली मोठी पियानोरचना. तिची कृती मी जरा तपशिलात सांगतो, कारण 'नाणी उडवून लिहिलं' या तीन शब्दांत जे आळशीपणाचं चित्र उभं राहतं ते इथं पुसलं जातं.

केजनं तक्ते केले. एक तक्ता ध्वनींचा: चौसष्ट खणांपैकी बत्तीस खणांत ध्वनी (कधी एकटा स्वर, कधी गुच्छ, कधी स्वरांची लहानशी माळ) आणि उरलेल्या बत्तीस खणांत शांतता. दुसरा तक्ता लांबीचा. तिसरा जोराचा, अगदी हळूपासून कर्कश मोठ्यापर्यंत. याशिवाय लय केव्हा बदलायची, आणि एकाच वेळी किती थर चालायचे, एकापासून आठापर्यंत, हेही नाण्यांनाच विचारायचं. एकेका घटनेला ध्वनी, लांबी आणि जोर असे निदान तीन प्रश्न धरले, तर अठरा फेका, म्हणजे चौपन्न नाणी पडली. मग पुढची घटना. वर काही तक्ते 'चळते' असत: वापरलेला खण रिकामा व्हायचा आणि तिथं नवा ध्वनी यायचा. रचना वाजायला साधारण पाऊण तास लागतो. तिच्यावर केजचे महिनेच्या महिने गेले.

वाजवणाऱ्याची कसरत निराळीच. केजनं लांबी कागदावरच्या अंतरानं दाखवली: पाव लांबीच्या स्वराला (क्वार्टर नोटला) अडीच सेंटिमीटर. शिवाय लय सतत वाढती-घटती. पियानोवादक डेव्हिड ट्यूडरला लयीचं सेकंदांत रूपांतर करायला वेगळं गणित शिकावं लागलं. १ जानेवारी १९५२ला न्यूयॉर्कच्या चेरी लेन थिएटरमध्ये त्यानं ती संपूर्ण वाजवली. यात 'काहीही चालतं' असं कुठंही नाही. एकदा नाण्यांनी कौल दिला की तो अंतिम. आवडला नाही म्हणून पुन्हा फेकायचं नाही. खरी शिस्त त्या न फेकण्यात आहे.

इथं आपल्याकडच्या वाचकाची एक हमखास गल्लत होते. अरे, हे तर आपल्या उपजेसारखंच, आयत्या वेळी सुचेल ते! नेमकं उलट आहे. ख्याल गाणारा आयत्या वेळी जे गातो ते त्याच्या रियाजातून, घराण्यातून, आवडीतून, त्या दिवशीच्या मनःस्थितीतून येतं. उपज म्हणजे गायकाच्या 'मी'चा मोकळा बहर. केजला उत्स्फूर्त वादनाचं वावडं होतं ते याच कारणानं. माणूस आयत्या वेळी वाजवतो तेव्हा बोटं सवयीच्या जागांवरच जातात, असं त्याचं म्हणणं. जॅझशीही त्याचं कधी फारसं जमलं नाही. मला हे मत एकांगी वाटतं. चांगल्या गायकाला सवयीच्या बाहेर फेकणारा क्षण मैफलीत येतो, आणि तो कुठल्याही नाण्यानं आणलेला नसतो. पण केजला काय नको होतं ते कळण्यासाठी हा फरक ध्यानात धरायलाच हवा.

युरोपात अठराव्या शतकात फाशांनी संगीत करायचे खेळ होते. त्यातला एक मोत्सार्टच्या नावावर खपतो. फासे टाकायचे, आकड्याप्रमाणे छापील मापं निवडायची आणि जोडायची, झाला मिन्युएट, म्हणजे नाचाचा एक तुकडा, तयार. तिथं प्रत्येक माप आधीच असं लिहिलेलं असायचं की कसंही जोडलं तरी गोडच लागावं. तिथं फासा करमणुकीपुरता. केजनं ती हमी काढून घेतली.

आता शांततेकडे. १९५१च्या सुमारास केज हार्वर्ड विद्यापीठातल्या एका ध्वनिशोषक खोलीत गेला. भिंतींवर आवाज पिऊन टाकणारी सामग्री, प्रतिध्वनी नाही, बाहेरचं काही आत नाही. इथं पूर्ण शांतता ऐकू येईल या अपेक्षेनं गेलेल्या केजला दोन आवाज ऐकू आले, एक उंच आणि एक खालचा. तिथल्या इंजिनिअरनं सांगितलं की उंच आवाज तुमच्या मज्जासंस्थेचा आणि खालचा रक्ताभिसरणाचा. मज्जासंस्था अशी ऐकू येत नाही. तो उंच आवाज बहुधा त्याच्या कानातलाच बारीक नाद असावा. पण केजचा निष्कर्ष त्यामुळे ढासळत नाही. जोवर माणूस जिवंत आहे तोवर आवाज आहेच. मग आपण शांतता म्हणतो ती कशाला? ज्या आवाजांमागे कुणाचा हेतू नाही, त्यांना. संगीत म्हणजे हेतूनं केलेले आवाज, शांतता म्हणजे हेतूविना होणारे.

इथं दोन्ही धागे एकत्र येतात. नाणेफेक म्हणजे लिहिताना हेतू काढून टाकणं. शांतता म्हणजे हेतू नसलेलं ऐकणं. टेबलाच्या अलीकडून पाहा किंवा पलीकडून, गोष्ट एकच.

मौनाच्या रचनेची कल्पना खरं तर आणखी जुनी. १९४८ सालच्या एका भाषणात केजनं विनोदानं म्हटलं होतं की अखंड शांततेचा एक तुकडा करून तो म्यूझॅक कंपनीला विकावा. ही कंपनी दुकानांत आणि कचेऱ्यांत सतत मंद संगीत पुरवायची. तेव्हा करायचा धीर झाला नाही. पुढे त्याचा मित्र, चित्रकार रॉबर्ट राउशनबर्ग, यानं नुसते पांढरे कॅनव्हास रंगवले. ते रिकामे नव्हते. त्यांच्यावर खोलीतला उजेड आणि माणसांच्या सावल्या पडत होत्या. चित्रकार एवढं करतो आणि आपण मागे, असं केजला वाटलं.

२९ ऑगस्ट १९५२. न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकजवळचं मॅव्हरिक हे लाकडी सभागृह, मागून जंगलाकडे उघडं. डेव्हिड ट्यूडर पियानोपाशी बसला, पट्ट्यांवरचं झाकण बंद केलं आणि स्टॉपवॉच सुरू केलं. भाग तीन होते. प्रत्येक भागाच्या शेवटी झाकण उघडलं, पुढच्याच्या आरंभी बंद केलं. मध्ये कोऱ्या मापांची पानं तो उलटत होता. एकूण चार मिनिटं तेहेतीस सेकंद. केज नंतर सांगायचा की पहिल्या भागात बाहेर वारा ऐकू येत होता, दुसऱ्यात छपरावर पावसाचे थेंब पडू लागले आणि तिसऱ्यात लोकांनीच तऱ्हेतऱ्हेचे आवाज काढले, काही बोलत, काही उठून जाताना.

चार मिनिटं तेहेतीस सेकंद हा आकडा कुठून आला? २७३ सेकंद म्हणजे उणे २७३ अंश, निरपेक्ष शून्य तापमान, असा एक लोकप्रिय तर्क आहे, आणि तो चुकीचा आहे. केजनं ही रचनाही दैवावर सोडून 'लिहिली' होती. पत्ते पिसून शांततेच्या छोट्या छोट्या लांब्या काढल्या आणि एकापुढे एक जोडल्या. बेरीज एवढी आली. काहीच नसलेल्या रचनेसाठी असं बसून पत्ते काढणारा माणूस थट्टा करत नव्हता हे तरी मान्य करायला हवं.

मराठी कानाला या रचनेचा धक्का थोडा कमी बसतो असं मला वाटतं, आणि त्याला कारण आहे. ती ज्या सभागृहासाठी आहे तिथले रिवाज फार कडक असतात. खोकला आला तर भाग संपेपर्यंत दाबायचा, टाळी मध्येच वाजवायची नाही, वादक बसला की श्वासही जपून. त्या सक्तीच्या शांततेत वादकानं काही वाजवलंच नाही की सगळी खोली एकदम उघडी पडते. आपल्या मैफलीत तानपुरे श्रोत्यांसमोर लागतात, 'क्या बात है' मध्येच येतं, पानाचा डबा फिरतो, उघड्या मंडपात कुठून तरी चहाचे कप किणकिणतात. म्हणून आपल्याला केज आधीच कळला होता, असं म्हणायचा मोह होतो, तो आवरावा. मैफलीतली दाद गायकाकडेच वळलेली असते, कप किणकिणले तर आपण ते कानाआड करतो. केजचं म्हणणं होतं की कपच ऐका.

'म्यूझिक ऑफ चेंजेस'वर सर्वांत बोचरी टीका केली ती खुद्द केजनंच. १९५८ साली जर्मनीतल्या डार्मस्टाट इथं व्याख्यानात तो म्हणाला की यातले ध्वनी दैवानं ठरले खरे, पण वादकाला ते मुकाट्यानं तसेच वाजवावे लागतात. माणसाला ताब्यात घेणाऱ्या फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसासारखं काहीतरी यात आहे. म्हणून त्यानं दुसरी वाट धरली होती. रचनाच अशी करायची की ती प्रत्येक वेळी वेगळी वाजेल. इंग्रजीत याला निराळं नाव आहे. आपण 'अनिश्चितता' म्हणू. दैवानं लिहिलेली रचना कागदावर पक्की असते. अनिश्चित रचना कागदावरही पक्की नसते.

याची चुणूक १९५१मध्येच बारा रेडिओंच्या 'इमॅजिनरी लँडस्केप क्रमांक ४'मध्ये दिसली होती. एकेका रेडिओवर दोघे, एक स्टेशन बदलणारा, एक आवाज कमीजास्त करणारा, आणि समोर 'ई चिंग'च्या मदतीनं काटेकोर लिहिलेली संहिता. काट्यावर त्या क्षणी कोण बोलतंय हे कुणालाच ठाऊक नाही. पहिला प्रयोग रात्री इतका उशिरा झाला की बरीच स्टेशनं बंद झाली होती. श्रोत्यांचा विरस झाला, केज मजेत.

स्वातंत्र्य द्यायचं तर घेणाऱ्याकडे शिस्त हवी, हे त्याला १९६४च्या फेब्रुवारीत महागात पडून कळलं. आकाशाच्या नकाशांवर पारदर्शक कागद ठेवून ताऱ्यांच्या जागी स्वर मांडलेली 'अॅटलस एक्लिप्टिकॅलिस' ही त्याची रचना न्यूयॉर्क फिलहार्मोनिकनं घेतली. वाद्यांना मायक्रोफोन लावले होते. वादकांनी मनाला येईल ते वाजवलं, शिट्ट्या घातल्या, उपकरणांची नासधूस केली. 'हेतू सोडा' याचा अर्थ त्यांनी 'जबाबदारी सोडा' असा घेतला. केजच्या विचारातली ही सर्वांत नाजूक जागा आहे, आणि दोष फक्त वादकांचा होता असं मला म्हणवत नाही. ज्या माणसांनी उभं आयुष्य आपला स्वर घडवण्यात घातलं, त्यांना तो स्वर विसरा म्हणायचं तर आधी त्यांचा विश्वास मिळवावा लागतो. ट्यूडरचा तो होता. शंभर पगारदार वादकांचा नव्हता.

त्याच वर्षी मर्स कनिंगहॅमच्या नृत्यसंचाबरोबर केज जगाच्या दौऱ्यावर निघाला. भारतही त्यात होता, आणि अहमदाबादेत साराभाई कुटुंबानं त्यांचं आतिथ्य केलं. कनिंगहॅम त्याचा सहकारी आणि आयुष्याचा जोडीदार. दोघांच्या कामात संगीत आणि नाच एकाच वेळी घडत, पण एकमेकांच्या तालावर चालत नसत.

केजवरचा सर्वांत वजनदार आक्षेप पिएर बुलेझचा. हा फ्रेंच संगीतकार आधी त्याचा मित्र, दोघांचा पत्रव्यवहार मोठा. १९५७च्या एका लेखात बुलेझनं केजचं नाव न घेता लिहिलं की पौर्वात्य रंगाचं तत्त्वज्ञान पुढे करून काही जण रचनेतलं कच्चेपण झाकतात. यातलं अर्धं मला पटतं. 'म्यूझिक ऑफ चेंजेस'च्या तक्त्यातले बत्तीस ध्वनी कुणी भरले? केजनं, आणि आवडीनं. आवड दारातून बाहेर काढली तरी ती तक्त्याच्या खणांतून आत आलीच. याची जाणीव केजला होती. आपलं काम आता निवड करण्याचं नसून प्रश्न विचारण्याचं आहे, असं तो म्हणायचा. प्रश्न भिकार असेल तर कौलही भिकारच. केजच्या रचना ऐकताना तो बारकाईनं प्रश्न विचारतोय हे जाणवतं. त्याची नक्कल करणाऱ्या बऱ्याच जणांच्या कामात फक्त नाणी वाजतात. दुसरं अर्धं, म्हणजे तंत्राच्या कच्चेपणाचा आरोप, 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स' ऐकल्यावर टिकत नाही.

तसं सगळंच काही त्यानं दैवावर सोडलं नाही. अळंब्या हा त्याचा दुसरा ध्यास. १९५९ साली इटलीच्या टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत अळंब्यांवरच्या प्रश्नांची उत्तरं देऊन त्यानं मोठं बक्षीस जिंकलं. रानातून अळंबी आणून खायची की नाही हे नाणं उडवून ठरवणारा फार दिवस संगीत लिहीत नाही, तेव्हा तिथं अभ्यास चोख.

जर्मनीतल्या हाल्बरश्टाटच्या चर्चमधल्या ऑर्गनची बातमी अधूनमधून फिरते, तिच्याबद्दल दोन ओळी. 'शक्य तितकं संथ' अशी सूचना असलेली केजची १९८७ची ऑर्गनरचना तिथं ५ सप्टेंबर २००१पासून ६३९ वर्षं चालायची आहे, २६४०पर्यंत. सुरुवातच विरामानं झाल्यामुळे पहिला आवाज उमटला २००३च्या फेब्रुवारीत. ५ फेब्रुवारी २०२४ला स्वर बदलला तेव्हा गर्दी झाली होती. ही कल्पना केजची नव्हती. तो १२ ऑगस्ट १९९२लाच गेला होता. मला त्यात संगीतापेक्षा सोहळा जास्त दिसतो.

ऐकायला सुरुवात कुठून करावी? 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स'पासूनच, कारण तिथं कुठलाही सिद्धान्त माहीत नसला तरी चालतं. दहा मिनिटांत हा पियानो आहे हे विसरायला होतं. १९४८ची 'इन अ लँडस्केप' ही त्याहून सोपी, जवळजवळ अंगाईसारखी. मग एकदम शेवटाकडे उडी मारावी, १९८७ ते १९९२मधल्या 'आकडा-रचनां'कडे. जितके वादक तितका आकडा, तेच नाव. यातल्या बहुतेक रचनांत प्रत्येक वादकाला वेळेची एक चौकट मिळते: हा स्वर अमुक सेकंदांच्या आत केव्हाही सुरू कर आणि तमुक सेकंदांच्या आत केव्हाही संपव. वादक एकमेकांशी जुळवून घेत नाहीत, तरी स्वर एकमेकांना भेटतात आणि सुटतात. 'म्यूझिक ऑफ चेंजेस' त्यानंतर ऐकावी, आणि सुरावट शोधत बसू नये. एक आवाज संपून दुसरा येईपर्यंत मध्ये किती जागा सुटते याकडे कान ठेवावा.

यूट्यूबवरचे मौनाच्या रचनेचे व्हिडिओ मात्र वगळले तरी चालतील. त्यात ऐकू येतो तो दुसऱ्याच कुठल्या तरी सभागृहातला खोकला, आणि केजला हवा होता तुमच्या खोलीतला.